बाईंना विचारा

९ नोव्हेंबर १९९८

‘काल आपण पाहिलं’ म्हणायचं नाही! ‘मागच्या तासाला’ नाही. ‘पुढं बघू’ तर अजिबात नाही. सुमंत सरांनी आज माझं पहिलंच रेकॉर्डिंग मध्येच थांबवलं. हेडफोन काढून, अगदी समजुतीच्या सुरात — “प्रज्ञाबाई, हा तुकडा कुणीही, कुठंही, केव्हाही उचलेल. त्याला काल नाही आणि उद्या नाही.”

इतकी वर्षं तुकडीला शिकवलं. आता तुकडा शिकवायचा!

काम असं आहे — आमच्या संस्थेच्या खेड्यांतल्या शाळांना विज्ञानाचे शिक्षक मिळत नाहीत. मिळाला तर टिकत नाही. कुणा देणगीदाराने प्रत्येक शाळेला एकेक कॉम्प्युटर दिलाय. आम्ही इथं श्रीरामपूरच्या ऑफिसात बसून छोटे छोटे पाठ करायचे. हलणारी चित्रं, मोठी अक्षरं आणि माझा आवाज. ते इथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. शाळेने फोन जोडायचा आणि हवा तो तुकडा तारेवरून उतरवून घ्यायचा. सावलीचा पाठ एकदाच करायचा — तोच पाचवीला ग्रहणाच्या धड्यात, तोच नववीला प्रकाशात. राहुरीत तोच, नेवाशात तोच.

सर या कामासाठी पुण्याची इंजिनिअरची नोकरी सोडून आलेत. बोलायला लागले की डोळे चमकतात. सकाळी माझे शाळेतले तास, दुपारनंतर हे. कायम नाही, तासांच्या पैशावरची बाई म्हणून घेतलं असेल, पण घेतलं!

१३ नोव्हेंबर

पाण्याच्या दाबाला मी मुळा धरणाच्या भिंतीचं उदाहरण दिलं. भिंत खाली जाड का, वर बारीक का. सरांना आवडलं. तरी म्हणाले, “धरण ठेवा, मुळा काढा.”

मी विचारलं, का?

चेतन कॉम्प्युटरवर बसला होता (चित्रं, जोडणी सगळं तोच करतो). तो वळून म्हणाला, “ताई, लांबच्या पोराला मुळा म्हणजे भाजीच वाटंल ना!”

तिघंही पोट धरून हसलो. मुळा गेली.

१४ नोव्हेंबर

घसा बसला. आईने ज्येष्ठमधाची काडी दिली. “यंत्राशी भांडून आलीस व्हय गं?”

२ डिसेंबर

बाष्पीभवनाचा तुकडा. चौथ्यांदा केला. सर अवघडून म्हणाले, “एका ठिकाणी... पाणी जरा... पुन्हा घेऊ या का?” मला कळेना. चेतनने ऐकवलं. घाईत मी ‘पानी’ म्हणाले होते.

घरात आईशी ‘पानी’, वर्गात ‘पाणी’. शिकायला लागल्यापासून हे सांभाळत आले. कधी कुणाच्या लक्षातही आलं नसेल. यंत्राने मात्र पकडलं.

पुन्हा म्हटलं. स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. सरांनी दोनदा सॉरी म्हटलं. त्यांचा दोष नाही. तरी घरी येताना रेल्वे फाटकापाशी उभी राहून तोंडातल्या तोंडात म्हणत होते — पानी, पानी, पानी. वेडीच!

२० जानेवारी १९९९

आज सर आणि मी वांजळवाडीला गेलो. नेवाशाच्या पुढं, शिंगणापूरच्या अंगाला. एसटीतून उतरून बरंच चालावं लागतं. नववीपर्यंत शाळा, आणि विज्ञानाला गेल्या वर्षीपासून कुणी नाही. कॉम्प्युटरची खोली दगडाबाईंच्या ताब्यात. त्या शाळेच्या मदतनीस — झाडतात, घंटा देतात, आणि आता फोन जोडून पाठही उतरवतात. चेतनने त्यांना शिकवलंय. कॉम्प्युटरवर त्यांनी घरची चादर घातलीय, धुतलेली.

सावलीचा पाठ लागला. पोरं श्वास रोखून. माझाच आवाज आणि मी मागं भिंतीला टेकून उभी! पडद्यातला माझा आवाज विचारतो, “सावली केव्हा लांब होते?” — सगळा वर्ग ओरडला, “सांजच्याला!” पडद्यावरची बाई त्यांचं ऐकायला थांबलीच नाही, पुढं गेली. पोरांनी पुन्हा ओरडून सांगितलं. तिला ऐकू गेलं नसेल असं वाटलं त्यांना.

पुढं बसलेली एक चुणचुणीत पोरगी — गोदावरी नाव — दगडाबाईंना म्हणाली, “ह्या बाई दम कवा खात्यात?”

मी पुढं झाले आणि बोलले. एकदम गलका! “आवाज तोच हाय! त्याच हायेत!” गोदावरीने माझ्या हाताला हात लावून पाहिला.

माझ्या गावच्या शाळेतही दोन वर्षं विज्ञानाला कुणी नव्हतं. आम्ही गाईडमधली उत्तरं उतरवून काढायचो. भिंग मी पहिल्यांदा कॉलेजात पाहिलं. तेव्हा असा एखादा आवाज जरी असता! येताना सर खिडकीशी बसले होते. म्हणाले, “आता पटलं ना, हे कशासाठी?”

पटलं. मनापासून पटलं.

११ मार्च

बाष्पीभवनाचा तोच तुकडा एका शाळेने मिठागराच्या धड्याला लावला, दुसरीने पावसाच्या, तिसरीने ओल्या कपड्यांच्या. सरांनी टेबलावर थाप मारली — “बघा! हेच म्हणत होतो!”

आज कुठल्या कुठल्या गावात मी एकाच वेळी शिकवत होते. आणि खरी मी आमच्या शाळेत फळा पुसत होते. बरं वाटलं. थोडं विचित्रही. ती दुसरी बाई माझ्यापेक्षा चांगली शिकवते. चुकत नाही, चिडत नाही, खोकत नाही.

पण तिला कुणाचं नाव माहीत नाही.

२७ एप्रिल

जून महिन्यापासून तासांवरच्या विज्ञान शिक्षकांची गरज नाही. ‘दर्जेदार पाठ उपलब्ध झाल्याने.’ हेडमास्तरांनी संस्थेचा ठराव मला वाचून दाखवला, माझ्याकडे न बघता. खेड्यांतल्या जागाही आता भरणार नाहीत. पाठांचं काम जूनअखेरीस संपेल, मग तेही नाही.

दर्जेदार! माझेच ते.

२८ एप्रिल

रडले नाही. सरळ ऑफिसात गेले.

“तुम्हाला माहीत होतं?”

सरांनी पेपरवेट फिरवला. “ठरावावर माझी सही नाही,” म्हणाले. मग — “पण मी त्या बैठकीत बसलो होतो.”

“आणि?”

“मी म्हणालो, हे पाठ शिक्षक नसलेल्या ठिकाणासाठी आहेत. ते म्हणाले, मग शिक्षक नसलेली ठिकाणं वाढवू. हसले सगळे. मी... मी पुढं काही बोललो नाही.”

मी उठून आले. त्यांच्यावर चिडायला हवं होतं, तेवढंही जमलं नाही. खोटं बोलला असता माणूस तर सोपं झालं असतं.

३ मे

आईला सगळं सांगितलं होतं. आज भाकरी थापता थापता — “तू बोललीस, त्यांनी भरून घेतलं, आता म्हनत्यात बाई नको. असंच ना?”

असंच.

“मग तुझा आवाज परत माग की.”

कसा मागायचा गं आई!

७ मे

चेतन दाराशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. शेवटी — “ताई, सगळं माझ्याच हातात हाय. एक बटण, की सगळे पाठ पुसले. परत कुनाला सापडनार न्हाई. सांगा फक्त.”

त्याची नोकरी गेली असती. तरी तो हे सांगायला उन्हात सायकल मारत आला होता.

मी नाही म्हटलं. वांजळवाडीत जून महिन्यात कुणीच नसणार. तो आवाजही नसला तर? गाईडमधली उत्तरं उतरवायची का गोदावरीने? माझ्या रागाची शिक्षा तिला कशाला!

चेतनला सरबत दिलं. तो गेल्यावर मात्र रडले.

१६ मे

‘विद्युतप्रवाह’ राहिलाय. शेवटचा भाग. दिवसभर कच्चं लिहीत बसले आणि मनात एकच — हे तुकडे सांगतात फक्त. सगळं सांगतात. प्रश्न विचारला तरी उत्तर तेच देतात. म्हणून संस्थेला वाटतं, झालं, माणूस कशाला हवा?

मग तुकडा असा केला तर — जो मध्येच थांबतो? सगळं सांगून झाल्यावर म्हणतो, आता पडदा बंद करा. खरी तार घ्या, खरा सेल घ्या, बल्ब पेटवून बघा. पेटला नाही तर का नाही, ते बाईंना विचारा. उत्तर माझ्याकडे नाही.

अपुरा तुकडा. मुद्दाम अपुरा.

२ जून

सरांना आधीच सांगितलं. लपवून काही करायचं नव्हतं. ते उसळलेच — “प्रज्ञाबाई, तुकडा स्वयंपूर्ण हवा! हा तर लंगडा झाला!”

“सर, शिकणं लंगडंच असतं. दुसऱ्याच्या खांद्याला धरून चालतं.”

“पण जिथं बाईच नाही तिथं पोरं कुणाला विचारतील?”

“तेच मलाही विचारायचंय. संस्थेला.”

चेतन मान खाली घालून माऊस पुसत होता. सर खिडकीशी गेले. साखर कारखान्याच्या मळीचा वास येत होता, त्यांनी खिडकी लावून घेतली, पुन्हा उघडली.

“ठेवा,” म्हणाले. “बघू.”

त्यांच्या तोंडून ‘बघू’ पहिल्यांदाच ऐकलं.

२२ जून

विद्युतप्रवाहाचे सगळे तुकडे चढवले. प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य — ‘बाईंना विचारा.’ ते म्हणताना आवाज जरा हलला. पुन्हा घेऊ का, विचारलं. सर म्हणाले, नको, असाच राहू दे.

३० जून

शेवटचा दिवस. चेतनने पेढे आणले, कशाचे ते त्यालाच कळेना. दोन शिकवण्या मिळाल्यात, गळनिंब रस्त्याला. मुलं हुशार आहेत. त्यांना मी लागत नाही.

११ जुलै, रविवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी केस धुऊन ओट्यावर बसले होते. गल्लीत टेम्पो शिरला. आमच्या गल्लीत टेम्पो मावत नाही, ड्रायव्हर शिव्या देत मागंपुढं करत होता. मागचा फाळका पडला आणि मागून पोरं उतरायला लागली. उतरतायत, उतरतायत — संपेचनात! शेवटी दगडाबाई उतरल्या, पदर खोचून.

“हेच का वो घर? बाईंचं?”

मी उभी राहिले. गोदावरी पुढं आली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी — सेल, टॉर्चचा बल्ब, तारेचं भेंडोळं.

“पेटंना,” ती म्हणाली.

“काय?”

“बल्ब पेटंना. तुमीच म्हन्ल्या ना, बाईंला विचारा. आमाला बाई न्हाई. मग तुमालाच इचारायला आलो.”

दगडाबाई सांगायला लागल्या, दम लागला होता त्यांना. आठवडाभर पोरं खटपट करत होती. सेल नवा आणला, बल्ब बदलला. पडदा रोज तेच म्हणतो, बाईंना विचारा. “म्या म्हन्लं, मला काय कळतंय त्यातलं! मग पोरं रुसली. हिच्या चुलत्याचा टेम्पो रिकामाच येत हुता इकडं. चेतनला फोन केला, पत्ता घेतला. केलं का काय चुकीचं?”

“नाही हो! बसा आधी.”

आईने हंडा, तांब्या सगळं बाहेर काढलं. पोरं ओट्यावर, पायरीवर, गल्लीत. शेजारच्या छबूबाई चहाची साखर घेऊन धावल्या. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सुमंत सर! चेतनने त्यांनाही कळवलं होतं. चप्पल काढून सरळ फरशीवर पोरांत बसले.

“दाखव बघू,” म्हणाले. सेल पाहिला. जिभेला लावला, पोरं खिदळली. बल्ब उन्हात धरून आतली तार पाहिली. सगळं ठीक. पुन्हा जोडलं. नाही पेटला. सरांच्या कपाळाला घाम. इंजिनिअर माणूस! मग ते त्यांना समजावू लागले — विद्युतमंडल, रोध, असं आणि तसं. पोरं माना डोलवत होती आणि एकमेकांना कोपरं मारत होती.

मलाही लगेच कळलं नाही, खोटं कशाला लिहू. तार चांगली जाड, तांब्याची, लालसर चकचकीत. तुटलेली नव्हती. मी गोदावरीला विचारलं, “ही तार आणली कुठून?”

“मोटारवाल्याकडनं. वायंडिंग करतो तो. उरल्याली दिली.”

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. विहिरीच्या मोटारीत गुंडाळायची तार! तिच्यावर लाखेसारखा पातळ थर असतो, दिसत नाही, वीज अडवतो. मोटारीत वेढ्याला वेढा चिकटला तरी चालावा म्हणून.

सरांकडे पाहिलं. त्यांनाही त्याच क्षणी कळलं. तोंड उघडलं त्यांनी — मी बोट ओठांवर ठेवलं. ते थांबले. आईची विळी आणि एक खरवडायचा दगड आणून मी मध्ये ठेवला.

“मोटारीत तारेवर तार असते ना? एकीतली वीज दुसरीत का जात नाही?”

कुणी म्हणालं, तार गोल असते म्हणून. कुणी म्हणालं, मोटार मोठी असते म्हणून. गोदावरी तार डोळ्याजवळ नेऊन बघत होती. नखाने ओरखडलं तिने. पुन्हा ओरखडलं.

“हिला काय तरी लावल्यालं हाय,” ती हळूच म्हणाली. “रंगावानी.”

मग काय! दगडावर तारेची टोकं घासायला झुंबड. सरही घासत होते, एका पोराला खालून तार धरायला लावून. जोडलं. बल्ब पेटला — उन्हात एवढासा, पिवळट. ओरडा असा झाला की चर्चमधून येणारी माणसं गल्लीत डोकावली. दगडाबाई टाळ्या वाजवत होत्या.

सर ओट्यापाशी उभे राहिले. हातात ती खरवडलेली तार. पोरं टेम्पोत चढल्यावर म्हणाले, “तार कुठून आणली — हा प्रश्न मी कुठल्या तुकड्यात घालणार होतो?”

दुसऱ्या गावांत दुसरी तार असणार.

जाताना टेम्पोतून गोदावरी ओरडली, “बाई, आता म्होरलं कोन सांगनार?”

१२ जुलै

अंग दुखतंय. आई तांब्या घासत सारखी हसतेय. “लई दिवसांनी घरात पोरं आली गं.”

१९ जुलै

संस्थेने बोलावलं होतं. टेम्पोची गोष्ट तिथवर पोचलीय. वांजळवाडीच्या पालकांनी आणि आणखी दोन गावांनीही ओरडा केलाय, शिक्षक द्या म्हणून. मला वाटलं, बोलणी खायची. तर — पाठांच्या कामाची प्रमुख व्हा म्हणाले. कायम नोकरी! सुमंत सर जागा सोडतायत, त्यांनीच माझं नाव सुचवलं. आणि जिथं ओरडा झालाय तिथं तासांवरची माणसं पुन्हा घेऊ, मिळाली तर.

बाहेर सर भेटले. पुण्याला परत चाललात का, विचारलं. “मला दुसरीकडे काम आहे,” एवढंच. हसले, पण सांगितलं नाही. माझ्यामुळे जातायत का? विचारायचं धाडस झालं नाही.

२१ जुलै

मला वांजळवाडीच हवी होती. खरं सांगायचं तर तेच. तासांवर का होईना, फळ्यासमोर. गोदावरीचा प्रश्न कानातून जात नाही.

आई म्हणाली, “कायमचं सोडून तासावर जाशील? मी काय बोलू? पर तुझा बाप कायम व्हायची वाट बघत गेला.” मग थोड्या वेळाने — “आन् त्या बाकीच्या गावांचं काय? तितं कुनी टेम्पो करून येनार हाय का तुझ्याकडं?”

हे मात्र लागलं. जिथं कुणीच जाणार नाही तिथं तुकडाच जाणार. तो निदान विचारणारा तरी असावा. तार कुठली, पाणी कुठलं, तुझ्याकडे काय आहे. हे दुसरं कुणी करेल का? नाही करणार. पुन्हा सगळं स्वयंपूर्ण करून ठेवतील.

२६ जुलै

होय म्हणून आले. एकच मागितलं — प्रत्येक नवा पाठ आधी एखाद्या वर्गात बसून करून बघणार, मग चढवणार. मान्य केलं. वांजळवाडीला कोण जाणार, विचारलं. “एक अर्ज आलाय,” म्हणाले. चांगला माणूस असू दे. मनातून हेवा वाटला त्याचा.

२ ऑगस्ट

पहिला दिवस. सरांच्या खुर्चीत बसले, अवघडून. पासवर्डचा कागद सापडेना. पुण्याचा नंबर आहे का सरांचा, म्हणून चेतनला विचारलं. तो बघतच राहिला. “पुणं? ताई, तुमाला बोलले न्हाईत?”

वांजळवाडीचा फोन त्यानेच जोडून दिला. पलीकडे दगडाबाई. मागून पोरांचा गलका, आणि त्यावर चढलेला एक ओळखीचा, घोगरा झालेला आवाज.

“सुमंत सरांना देता का जरा?”

“आत्ता न्हाई. सर वर्गावर हायेत. मागून लावा.”